‘तुम्हाला संशोधन का करायचं आहे?’ : एका अर्जाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका स्वायत्त कॉलेजातलं आहे. विद्यार्थिनीला इथे ऋतुजा म्हणू; नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशीलही. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. संशोधन समितीचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे व्यवहारात फॉर्म भरून घेणं, शिफारसपत्रं लिहिणं आणि सह्यांसाठी कार्यालयात चकरा मारणं.

ऋतुजा २०२३ साली प्रवेश घेतलेली, म्हणजे आमच्याकडच्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या पहिल्या तुकडीतली. सीजीपीए सातच्या जरा वर. प्रॅक्टिकलला हात स्थिर, वर्गात विचारल्याशिवाय न बोलणारी. घरची दीड एकर बाग, तिचा माल बेदाण्याला जातो. वडील हंगामात दुसऱ्याच्या बेदाणा वाळवायच्या शेडवर देखरेखीला असतात, आई प्रतवारीला रोजंदारीवर. दादा चाकणला कंपनीत.

बेदाणा कसा होतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी सुटू देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवतात. शेडवर त्याला सरळ ‘डिपिंग ऑईल’ म्हणतात. मग रॅकवरच्या जाळीवर माल पसरायचा आणि हवेवर पंधरा-वीस दिवस वाळू द्यायचा. रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी देतात. रंगावर दर ठरतो. हिरवा-पिवळा माल वरच्या भावाने जातो, अवकाळी पावसात सापडून काळवंडलेला मातीमोल. धुरीच्या दिवशी शेडजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. ऋतुजाच्या आईला हंगाम संपला तरी खोकला असतो.

चौथ्या सत्रात एका विद्यापीठाच्या पदवीपूर्व संशोधन उपक्रमाची सूचना आली. मे-जूनमध्ये आठ आठवडे, विभागातल्या प्रयोगशाळेत काम, वसतिगृहात सोय आणि स्टायपेंड. प्रत्येक कॉलेजातून दोनच नावं. अर्जात ५०० शब्दांत ‘या उपक्रमात सहभागी होण्यामागची तुमची प्रेरणा’ लिहायची, त्यावर मुलाखत.

अडचण

ऋतुजाने आणलेला पहिला मसुदा असा सुरू होत होता: ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची अतोनात आवड आहे.’ पुढे डॉ. कलाम, सर सी. व्ही. रामन, देशाची प्रगती आणि शेवटी ‘हा उपक्रम माझ्या आयुष्याला कलाटणी देईल’. असे मसुदे मी दरवर्षी वाचते. सीनियर मुलांची एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते, तिच्यातलं नाव आणि विषय बदलला की झालं. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पहिलीपासून निबंध असाच लिहायला शिकवलाय आणि त्यालाच मार्क दिलेत.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘खरं सांग, कशासाठी जायचंय?’ आधी नुसतं हसली. मग एकेक निघालं. प्रमाणपत्र मिळेल, एमएस्सीच्या प्रवेशाला उपयोगी पडेल. स्टायपेंड मिळेल. मावशीने दोन स्थळं सुचवली होती आणि उन्हाळ्यात बघण्याचा कार्यक्रम होणार होता; दोन महिने बाहेर राहिलं तर तो विषय दिवाळीपर्यंत ढकलता येईल. गावातली एक ताई अशाच उपक्रमातून पुढे मोठ्या संस्थेत गेली होती, तेही डोक्यात होतं.

यातलं एकही कारण अर्जात लिहिण्यासारखं नाही, असं तिचं ठाम मत. आणि हीच अडचण होती. लिहिण्यासारखं ते तिचं नव्हतं, आणि तिचं होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

उठून जाताना ती दारात थांबली. ‘मॅडम, एक विचारू? बारावीला शिकलो की सल्फर डायऑक्साइडने घालवलेला रंग टिकाऊ नसतो, हवेत परत येतो. मग आमचा बेदाणा सहा-सहा महिने कसा पिवळा राहतो?’

प्रश्न चांगला होता, नुसता हुशारीचा नव्हता. बारावीच्या पुस्तकात विरंजनाचे, म्हणजे रंग घालवण्याचे, दोन प्रकार येतात: क्लोरीन ऑक्सिडीकरणाने (इलेक्ट्रॉन काढून घेऊन) रंग कायमचा घालवतो, तर सल्फर डायऑक्साइड (धुरीतला गंधकाचा वायू) क्षपणाने (इलेक्ट्रॉन देऊन), तात्पुरता. सगळी मुलं हे पाठ करून लिहितात. पाठ केलेलं वाक्य घरच्या मालाशी ताडून पाहणारी मुलगी क्वचित भेटते.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय समितीचा होता: दोन जागा, इच्छुक तीन. एकाचा सीजीपीए नऊच्या वर, दुसऱ्याचा आठच्या वर, तिसरी ऋतुजा. गुणांनी लावायचं तर प्रश्नच नव्हता. एका सहकाऱ्यांनी स्पष्ट म्हटलंही, ‘सात पॉइंटवाली पाठवली आणि तिथे अडखळली, तर पुढच्या वर्षी आपलं नाव कोण विचारणार?’ त्यांची भीती खोटी नव्हती. कॉलेज लहान असलं की एका विद्यार्थ्यावरून सगळ्यांची परीक्षा होते.

उलट बाजूला हेही होतं की नऊच्या वर असलेल्या मुलाला दुसरी दारं उघडी होती. विज्ञान शाखेतल्या मुलांसाठी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा पदवीच्या मुलांसाठीचा संशोधन उपक्रम २००४ पासून चालतो. हा मुलगा बारावीला बोर्डाच्या अव्वल एक टक्क्यात होता, त्यामुळे त्याला केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत होती. वर्षाचे ८० हजार, त्यातले २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच. ऋतुजाला यातलं काही लागू नव्हतं. अकादमींचे अर्ज तर हिवाळ्यातच बंद झालेले, आणि तेव्हा तिला असा काही प्रकार असतो हेही माहीत नव्हतं.

वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मधला मार्ग काढला. तिघांना वेगवेगळं बोलावून एवढंच विचारायचं: स्वतः पाहिलेली पण न कळलेली एखादी गोष्ट सांगा. पहिल्या मुलाने कृष्णविवरांबद्दल सांगितलं. वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं, पण बोलला छान. दुसऱ्याला काही सुचेना. त्याने प्रामाणिकपणे तसं सांगितलं आणि अर्जही मागे घेतला. त्याला बँकेच्या परीक्षांची तयारी करायची होती, संशोधनाचा फॉर्म त्याच्या वडिलांनी भरायला लावला होता. ऋतुजाने बेदाण्याचा प्रश्न सांगितला. दोन नावं अशी ठरली. दुसऱ्याने माघार घेतली नसती तर काय झालं असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. गुणांचं वजन आमच्या समितीत अजूनही फार आहे.

दुसरा निर्णय अर्जात काय लिहायचं याचा. तीन वाटा होत्या: सजवलेला मसुदा तसाच द्यायचा, सगळी कारणं मोकळेपणाने लिहायची, किंवा प्रश्न पुढे ठेवून पैशाची गोष्ट एका वाक्यात, अर्जात आर्थिक माहितीचा रकाना होता तिथे लिहायची. ऋतुजाने तिसरी निवडली. लग्नाचा विषय कुठेच आला नाही, आणि ते योग्यच झालं. कोण घरातून दोन महिने कशासाठी बाहेर पडतंय याची चौकशी निवड समितीने करायची नसते.

तिच्या अंतिम मसुद्यातला हा भाग तिच्या परवानगीने देते: ‘पुस्तकात लिहिलंय की सल्फर डायऑक्साइडने घालवलेला रंग हवेत परत येतो. आमच्या शेडवर धुरी दिलेला बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये कित्येक महिने रंग टिकवतो, पण दुकानात उघडा ठेवला की काळपट होतो. पुस्तक आणि शेड दोन्ही खरे असतील तर बेदाण्यात काहीतरी वेगळं घडत असणार. ते कसं शोधायचं हे मला शिकायचं आहे.’

एक निर्णय माझाही होता. उत्तर मला ढोबळ माहीत होतं. द्राक्ष वाळताना सालीतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) सालीतल्याच फिनॉल नावाच्या द्रव्यांचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून क्विनोन आणि पुढे तपकिरी रंग तयार होतो. सल्फर डायऑक्साइड त्या विकराला अडवतो आणि क्विनोनांना बांधून ठेवतो. म्हणजे रंग घालवण्यापेक्षा तो तयारच होऊ न देणं हे त्याचं मुख्य काम. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलाखतीत ती ते घडाघडा म्हणून दाखवणार आणि प्रश्न तिथेच संपणार.

घरची बाजू

मे महिना बागेत मोकळा नसतो. एप्रिलची खरड छाटणी झाली की फुटी काढणं आणि सबकेनचं (काडीला बगलफूट घेऊन पोटकाडी तयार करायचं) काम येतं, आणि माणूस मिळत नाही. वडील कॉलेजात आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘दोन महिनं? आन् पैसं हातात कधी पडायचं?’

ते स्टायपेंडबद्दल विचारत होते आणि प्रश्न अगदी नेमका होता. रक्कम काम संपल्यावर, अहवाल जमा झाल्यावर मिळणार होती. मेसचं डिपॉझिट आणि खोलीचं भाडं मात्र पहिल्या दिवशी. आई मध्येच म्हणाली, ‘जाऊ दे की. धुरात बसण्यापरीस बरं.’ वडील गप्प झाले. डिपॉझिटचे पैसे शेवटी दादाने पाठवले.

मुलाखत

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. बेदाण्याच्या प्रश्नावर त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, ‘मग उत्तर काय असेल?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही, पण बघता येईल. काळा पडलेला बेदाणा घ्यायचा आणि त्याला धुरी द्यायची. उजळला, तर धुरी रंग घालवते. नाही उजळला, तर धुरी रंग होऊच देत नाही.’

प्रयोग इतका सुटसुटीत नाही. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडू शकतात. पण दोन शक्यता वेगळ्या करणारी चाचणी तिला स्वतःहून सुचली होती. निवड झाली. पहिल्या मुलाचीही झाली, पण त्याला दुसरीकडची संधी मिळाल्यामुळे तो गेला नाही, आणि त्याची जागा रिकामीच राहिली.

आठ आठवडे

पहिल्याच दिवशी कळलं की बेदाणा वगैरे काही नाही. तिला मिळालेला विषय: कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार करायचे आणि सूर्यप्रकाशात त्यांनी मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचं विघटन किती होतं ते मोजायचं. आपल्याकडच्या विभागांत हा विषय घरटी आहे. रसायनं स्वस्त, निळा रंग उतरताना डोळ्यांना दिसतो, आणि प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर ६६४ नॅनोमीटरला, निळ्या रंगाची खूण असलेलं शिखर खाली जाताना दाखवता येतं.

तिने मला फोन केला. तिच्यापुढे तीन वाटा होत्या: परत यायचं, विषय बदलून मागायचा, किंवा मिळालंय ते करायचं. बदलून मागण्याचा सल्ला मी दिला नाही. आठ आठवड्यांत नव्या विषयाची जुळवाजुळव होत नाही, आणि गाइडचा सगळा गट त्याच कामावर होता. ती राहिली.

तिसऱ्या आठवड्यात ती पार खचली. काचसामान धुणं, कण धुऊन वाळवणं, आणि पीएचडीच्या दादांनी सांगितलेलं माप पुन्हापुन्हा घेणं एवढंच चाललं होतं. वसतिगृहात उन्हाळ्यामुळे शुकशुकाट. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर जे काम केलंय त्यात ते तीन गरजा मांडतात: आपल्या कामावर आपला काही ताबा असावा, ते आपल्याला जमतंय असं वाटावं, आणि कुणाशी तरी बांधलेपण असावं. ऋतुजाकडे त्या आठवड्यात तिन्हींची वानवा होती. त्याच सिद्धांतातली मला पटणारी दुसरी गोष्ट अशी की बाहेरून आलेली कारणं सगळी एका मापाची नसतात. काही माणूस आपलीशी करतो. ती घरी परतली नाही ती ‘विज्ञानाच्या आवडी’मुळे नव्हे. दादाने भरलेलं डिपॉझिट, स्टायपेंड आणि मावशीची स्थळं यांनी तिला त्या आठवड्यात तिथे धरून ठेवलं. अर्जात लिहिण्यासारखी नसलेली ही कारणं ऐन वेळी कामाला आली.

मग एक गोष्ट घडली. उन्हात ठेवलेली एक बाटली तोंडापर्यंत भरून बूच लावलेली होती. संध्याकाळपर्यंत तिच्यातला निळा रंग पूर्ण गेला. नोंद झाली, बाटली अर्धी ओतून उघडीच राहिली. सकाळी धुवायला घेतली तर पाण्याला निळसर झाक. पीएचडीचे दादा म्हणाले, ‘नीट धुतली नसशील. पुढचं कर.’

ऋतुजाने पुढचं केलं, पण सोबत हेही केलं: दोन बाटल्या, एक काठोकाठ भरून बंद, एक अर्धी भरून उघडी. दोन्ही उन्हात, मग दोन्ही रात्रभर उघड्या सावलीत. बंद बाटलीतला रंग थोडासा परत आला, उघडीतला आला नाही. गाळून यंत्रावर घेतलं तर ६६४ चं शिखर पुन्हा दिसत होतं, लहान पण स्पष्ट.

मिथिलीन ब्लूचं क्षपण झालं की त्याचं रंगहीन रूप तयार होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने ते पुन्हा निळं होतं. शाळेच्या प्रदर्शनात ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा घालून निळी बाटली हलवून दाखवतात, ती हीच क्रिया. बंद बाटलीत ऑक्सिजन संपला असेल, आणि पाल्याच्या अर्कातलं कणांवर चिकटून राहिलेलं सेंद्रिय द्रव्य इलेक्ट्रॉन पुरवत असेल, तर तिथे थोडं क्षपणही होऊ शकतं. म्हणजे ‘इतके टक्के विघटन झालं’ असं म्हणताना त्यातला काही भाग नुसता रंगहीन झालेला असण्याची शक्यता होती.

शेडवरचाच प्रश्न होता हा, निळ्या पाण्यात. रंग गेला म्हणजे नेमकं काय झालं: द्रव्य मोडलं, की रूप बदलून तिथेच बसलंय? तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी काही सुचवायच्या आधीच ती म्हणाली, ‘मॅडम, हे बेदाण्यासारखंच निघालं.’

गाइडनी गटाच्या बैठकीत तिला ते मांडायला लावलं. त्यानंतर सगळी मापं उघड्या भांड्यात, ढवळत घ्यायची असं ठरलं. त्याचबरोबर अंधारातलं आणि कणांशिवायचं अशी दोन तुलनात्मक मापं दर वेळी घ्यायची. ती आधी एकदाच घेतली जात होती. पीएचडीच्या दादांची एका महिन्याची आकडेवारी त्यामुळे पुन्हा करावी लागली. ते काही दिवस नीट बोलत नव्हते, आणि ते मला समजू शकतं.

निष्पत्ती

शोधनिबंध वगैरे निघाला नाही. पोस्टर झालं, प्रमाणपत्र मिळालं, स्टायपेंड गणपतीनंतर खात्यात आला.

सहाव्या सत्राच्या प्रकल्पाला तिने बेदाणाच घेतला. आयोडीनच्या अनुमापनाने (टायट्रेशनने) सल्फर डायऑक्साइड मोजायचा प्रयत्न केला: अर्क काढायचा, कॉस्टिक सोड्याने बांधलेला भाग मोकळा करायचा, आम्ल घालायचं, स्टार्च टाकून निळा रंग टिकेपर्यंत आयोडीन सोडायचं. पिवळ्या मालाला जमलं. काळ्या मालाचा अर्क इतका गडद की अंतिम बिंदूच ओळखू येईना, शिवाय अर्कातली इतर क्षपणकारकंही आयोडीन खातात. खात्रीचं माप हवं तर वायू ऊर्ध्वपातनाने (उकळून) बाहेर काढून हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये शोषायचा, ही मोनिअर-विल्यम्स पद्धत. तिचं काचसामान आमच्याकडे नाही. मुलाखतीतला काळ्या बेदाण्याचा प्रयोगही तिने केला. धुरी देऊन माल वरून किंचित उजळला, पण पिवळ्याच्या जवळपासही आला नाही. अहवालात तिने ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापले. मला ते वाक्य संपूर्ण अहवालात सर्वांत पक्कं वाटलं होतं.

संशोधनासह चौथ्या वर्षाचा ऑनर्स तिला मिळणार नाही; त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तीन वर्षांवर पदवी घेऊन ती विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा देणार आहे. अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी हे तिचं आजचं उत्तर आहे, आणि वडिलांनाही ते समजतं. स्थळांचा विषय थांबलेला नाही, लांबला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, अर्जातला प्रश्न. ‘तुमची प्रेरणा लिहा’ म्हटलं की कलामच येणार. आमच्या कॉलेजच्या अंतर्गत फॉर्मवर आता ‘पाहिलेली पण न कळलेली एक गोष्ट’ असा रकाना आहे. त्याचीही तयार उत्तरं एक-दोन वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर येतील, तेव्हा तो बदलावा लागेल.

विद्यापीठाने निवड एका प्रश्नावर केली आणि विषय भलताच दिला. ऋतुजाच्या बाबतीत योगायोगाने दोन्हींचा सांधा जुळला. तो जुळला नसता तर तिसऱ्या आठवड्यानंतर ती हात चालवत राहिली असती, डोकं नाही. निवडीनंतर गाइडने विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलून मिळालेल्या विषयात त्याचा प्रश्न कुठे बसतो का ते पाहिलं असतं, तर याला काही खर्च नव्हता.

पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे शिकाऊ मुलं सोपवताना त्यालाही काही मिळालं पाहिजे. त्याचा वेळ जातो, वर त्याची आकडेवारी उलटते, आणि पोस्टरवर त्याचं नाव आभारात. तो ‘पुढचं कर’ म्हणाला याचं आश्चर्य वाटू नये.

अकादमींची फेलोशिप, नियस यांची माहिती आम्ही नोटीस बोर्डावर लावत होतो. ती वाचणारी मुलं ठरलेली असतात. आता पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये, दिवाळीच्या आधी, तोंडी सांगतो.

आणि ऋतुजाच्या वडिलांचा प्रश्न. स्टायपेंड मागाहून मिळणार असेल तर ज्याच्या घरी आधी भरायला पैसे आहेत तोच जाणार. माजी विद्यार्थी संघाच्या निधीतून मेस डिपॉझिटची उचल द्यायची, स्टायपेंड आला की परत घ्यायची, असा ठराव यंदा झाला. कार्यालयाने त्यासाठी पालकाचं हमीपत्र आणि दोन जामीनदार मागितले आहेत. जामीनदारांची अट काढून टाकावी म्हणून प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे.